पॅरिसमध्ये लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण: आधी वेळ ठरवा, मग रेस्टॉरंट

प्रश्न नाशिकच्या एका जोडप्याचा आहे. लग्नाला 25 वर्षं होताहेत, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस पॅरिस. दोघांचीही युरोपची पहिलीच खेप. एक रात्र खास जेवणासाठी राखून ठेवायची आहे आणि त्यासाठी दोघांचे मिळून पन्नास-साठ हजार रुपये खर्चायची तयारी आहे. पत्नी शाकाहारी, अंडं चालतं. पती सगळं खातात. त्यांनी विचारलंय: आयफेल टॉवरवरच्या रेस्टॉरंटमध्ये जावं, की त्याहून चांगलं काही आहे?

मी काही वर्षं पॅरिसच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलसेवेत काम केलंय आणि आता आपल्याकडच्या जोडप्यांचे फ्रान्सचे प्रवास आखतो. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत: ताट घेऊन येणाऱ्याची आणि समोर बसणाऱ्याची. माझं उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटतं, पण ते मी पूर्ण विचार करून देतो. तुमचं मोठं जेवण दुपारी करा. रात्र नदीकाठी फिरायला मोकळी ठेवा.

याची दोन कारणं आहेत. पहिलं घड्याळाचं. जूनमध्ये पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. चांगल्या रेस्टॉरंटमधलं रात्रीचं जेवण साडेसात-आठला सुरू होतं आणि तीन तास चालतं. म्हणजे तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा नाशिकमध्ये साडेअकरा वाजलेले असतील आणि गोड येईल तेव्हा पहाटेचे दोन. प्रवासाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर नाशिकच्याच घड्याळावर चालतं. त्यात दिवसभर संग्रहालयं आणि पायपीट झालेली असते. मुख्य पदार्थ येईपर्यंत नवरा डोळे चोळतोय आणि बायको नाइलाजाने हसतेय, हे मी माझ्या टेबलांवर इतक्यांदा पाहिलंय की आता आधीच सांगून टाकतो. याउलट दुपारी साडेबाराला बसलात तर आपल्या हिशेबाने चार वाजलेले असतात. भूक असते, डोकं ताजं असतं, आणि गप्पा होतात.

दुसरं कारण उजेडाचं. मेणबत्त्या, काळोख, खाली लुकलुकणारं शहर असं चित्र डोळ्यांपुढे ठेवून लोक रात्रीचं टेबल घेतात. जूनच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य मावळतो तो रात्री दहाच्या सुमारास, आणि खरा अंधार पडायला अकरा होतात. आठच्या टेबलावर तुम्हाला लख्ख ऊन मिळेल, पश्चिमेची खिडकी असेल तर थेट डोळ्यांवर. तेच डिसेंबरात पाचच्या आधीच सूर्य बुडतो; तेव्हा मी बिनदिक्कत रात्रीचं टेबल सुचवतो. पॅरिसला कधी जाताय यावर रेस्टॉरंट ठरतं, ते असं.

आता आयफेल टॉवर. टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर, जमिनीपासून शंभराहून अधिक मीटर उंचीवर, ‘ल ज्यूल व्हेर्न’ आहे. 1983 पासून चालू आहे, 2019 पासून तिथलं स्वयंपाकघर फ्रेदेरिक आंतों सांभाळतात आणि 2024 मध्ये त्याला मिशेलिनचा, म्हणजे रेस्टॉरंटना एक ते तीन तारे देणाऱ्या फ्रेंच मार्गदर्शिकेचा, दुसरा तारा मिळाला. दक्षिणेच्या खांबातून त्यांची स्वतःची लिफ्ट आहे, त्यामुळे टॉवरच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सुरक्षा तपासणी मात्र चुकत नाही. जेवण खरोखर चांगलं आहे. पर्यटकांची जागा म्हणून पाट्या टाकल्या जातात असं तिथे होत नाही. पण तिथे बसल्यावर आयफेल टॉवर दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्या पोटात असता. दिसते ती लोखंडाची जाळी आणि त्यापलीकडे पसरलेलं शहर. काहींना ते फार आवडतं. ज्यांच्या मनात दिवे लागलेल्या टॉवरसमोर हातात हात घेऊन बसायचं आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही. शिवाय रात्रीचा मोठा मेनू माणशी अडीचशे युरोंच्या पुढे जातो, पेयं वेगळी. तुमच्या हिशेबात ते जेमतेम बसेल, आणि अंधार पडेपर्यंत तुमचं जेवण संपत आलेलं असेल.

पहिल्या मजल्यावर ‘मादाम ब्रासरी’ आहे, बरंच स्वस्त आणि मोकळं. मुलांसकट गेलात तर उत्तम. तुमच्या प्रसंगाला मी ते सुचवणार नाही.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती ‘लार्पेज’ आहे, दुपारी. रोदँ संग्रहालयाच्या अगदी जवळ, व्हारेन रस्त्यावर. अलँ पासार यांनी हे 1986 मध्ये सुरू केलं आणि 1996 मध्ये त्याला तीन तारे मिळाले. 2001 मध्ये त्यांनी मेनूतून लाल मांस काढून टाकलं. भाजलेल्या मांसासाठी नावाजलेल्या आचाऱ्याने हे करावं याचा तेव्हा पॅरिसमध्ये मोठा धक्का बसला होता. तारे टिकले. पुढे त्यांनी पॅरिसबाहेर स्वतःचे भाजीचे मळे लावले आणि 2025 च्या जुलैत मासे, अंडी, लोणी, दूध, चीज हेही थांबवलं. आता मध सोडला तर सगळं झाडापासून येतं. त्या बदलाच्या वेळी दुपारचा मेनू 260 युरोंचा होता आणि रात्रीचा 420 चा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दुपारी दोघांचे बावन्न हजार होतात, तुमच्या आकड्यात बसतात. रात्री तेच ऐंशी हजारांच्या पुढे. निघण्याआधी ताजा भाव त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आपल्या जोडप्यांना मी ही जागा सुचवतो ती ताऱ्यांसाठी नव्हे. घरात एक शाकाहारी आणि एक मांसाहारी असेल तर मोठ्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. नवऱ्यासमोर कबुतर किंवा लँगुस्तीन (छोट्या शेवंडासारखा समुद्री जीव) येतं, सॉस ओतायला माणूस येतो, त्याची कहाणी सांगितली जाते. बायकोसमोर त्याच वेळी भाज्यांचं एक ताट येतं, ज्याची कहाणी कोणी सांगत नाही. दोघं दोन वेगळी जेवणं जेवतात आणि तीन तास एकमेकांच्या ताटाकडे बघतात. लार्पेजमध्ये दोघांसमोर एकच पदार्थ येतो. बीट, कांदा, वाटाणा, टोमॅटो यांची अशी रूपं तुम्ही पाहिलेली नसतील. त्यावर बोलता येतं, एकाचा घास दुसऱ्याला देता येतो. लग्नात उखाणा घेऊन भरवलेल्या घासाला 25 वर्षं झाली असतील, तर हा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

कमतरताही सांगतो. खोली लहान आहे, टेबलं फार लांब लांब नाहीत, खिडकीतून काही भव्य दिसत नाही. झुंबरं आणि सोनेरी छत हवं असेल तर निराशा होईल. आणि ‘भाजीला सव्वीस हजार?’ हा प्रश्न पतींच्या मनात आत्ताच येत असेल तर मोकळेपणी एकमेकांशी बोला. मनात किंमत घोळवत खाल्लेलं जेवण कोणालाच लाभत नाही. शनिवार-रविवार लार्पेज बंद असतं, त्यामुळे वाढदिवसाचा वार आधी पाहा. एक-दोन दिवस पुढेमागे करणं केव्हाही बरं.

पतींना भव्यताच हवी असेल, तर ‘ला तूर दार्जां’. सेन नदीच्या काठावर, तूर्नेल धक्क्यावर, सहाव्या मजल्यावरची काचेची भिंत आणि समोर नोत्र दाम या जुन्या कॅथेड्रलची मागची बाजू. रेस्टॉरंट आपलं मूळ 1582 पर्यंत नेतं. इतकं जुनं मूळ इतिहासकार सगळेच मान्य करत नाहीत, पण बदकाची गोष्ट पक्की आहे. 1890 पासून इथे शिजवलेल्या प्रत्येक बदकाला क्रमांक दिला जातो आणि पाहुण्याला त्या क्रमांकाचं कार्ड मिळतं. दहा लाखावं बदक 2003 मध्ये वाढलं गेलं. मोठ्या दुरुस्तीनंतर हे 2023 मध्ये पुन्हा उघडलं. नोत्र दाम आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये उघडलं, पण त्याच्या मागच्या बाजूचं आणि आवाराचं काम त्यानंतरही चालू राहिलं. समोर परांची किंवा क्रेन दिसली तर मन खट्टू करून घेऊ नका.

इथे एक गोष्ट मी शाकाहारी जोडीदारांना नेहमी आधी सांगतो. हे बदक प्रसिद्ध आहे ते दाबून काढलेल्या रसासाठी. चांदीच्या यंत्रात सांगाडा दाबतात आणि त्यातल्या रक्त-रसाचा सॉस करतात, बऱ्याचदा पाहुण्यांच्या नजरेसमोर. पतींसाठी तो जन्मभर लक्षात राहणारा क्षण असेल. पत्नींना तो बघवेल का, हे त्यांनाच विचारा. बघवणार नसेल तर बदक मागवू नका, आणि बदक मागवायचं नसेल तर इथे यायचं अर्धं कारण संपलं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे ती खिडकी, आणि तिच्यासाठीही दुपारचा मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो. टेबल घेताना खिडकीजवळची जागा लिहून मागा. मिळेलच असं कोणी वचन देत नाही, पण 25 वा वाढदिवस आहे हे कळवलेल्यांना बहुधा मिळते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘लापेरूज’ 1766 पासूनचं, नदीकाठी, छोट्या छोट्या खासगी दालनांसाठी प्रसिद्ध. त्या दालनांतल्या आरशांवर ओरखडे आहेत. भेट मिळालेला हिरा खरा की खोटा हे बायका काचेवर घासून पाहायच्या, अशी आख्यायिका. दोघांनाच दार लावून बसायचं असेल तर पॅरिसमध्ये याहून शृंगारिक खोली मिळणं कठीण, मात्र जेवणापेक्षा वातावरणाचे पैसे जास्त आहेत. ‘ल ग्राँ व्हेफूर’ पाले-रॉयालच्या बागेच्या कडेला, 1784 पासून त्या जागी; रंगवलेल्या काचा, लाल मखमल, आणि नेपोलियन, व्हिक्टर ह्यूगो अशांच्या नावाच्या पट्ट्या लावलेल्या बैठका. बाग मला स्वतःला फार आवडते. जेवणाआधी तासभर तिथे बसावं. आणि खर्च निम्म्यावर आणायचा असेल तर ‘ल त्रँ ब्लू’, गार द लियाँ स्थानकाच्या आत. 1901 मध्ये उघडलेलं, छतापासून भिंतींपर्यंत चित्रांनी भरलेलं, 1972 पासून ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित. रेल्वे स्थानकातलं रेस्टॉरंट म्हणून लोक नाक मुरडतात आणि आत पाऊल टाकल्यावर मान वर करून उभे राहतात. लियाँ किंवा दक्षिणेला जाणारी गाडी तिथूनच असेल तर हा योग सोडू नका.

आता टेबल कसं घ्यायचं. दोन-तीन महिने आधी, रेस्टॉरंटच्याच संकेतस्थळावरून. बहुतेक ठिकाणी कार्डाची हमी मागतात. न कळवता गैरहजर राहिलात किंवा उशिरा रद्द केलंत तर माणशी शंभर-दोनशे युरो कापले जाऊ शकतात, आणि ते खरोखर कापतात. आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारासाठी सुरुवातीला बंद असतात. ॲपमधून ती चालू करा आणि मर्यादा वाढवा. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, तेव्हा हे सगळं घरी बसूनच उरका. पॅरिसमध्ये गेल्यावर तिथलं सिमकार्ड घालून ओटीपीची वाट पाहत बसणं नको.

टेबल मिळालं की एक स्वतंत्र इमेल पाठवा. साध्या इंग्रजीत चालतं. त्यात नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. फ्रेंच स्वयंपाकघरात मांस दिसत नसलं तरी असतं: भाजीचा सॉस वासराच्या हाडांच्या रश्श्यावर केलेला असतो, गोडात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, आणि कोंतेसारख्या कित्येक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं. म्हणून यादीच द्या. एकीला मांस, मासे, कोळंबी-शिंपल्यांसारखे जीव, हाडांचा किंवा माशांचा रस्सा, जिलेटिन चालत नाही. दूध, लोणी, अंडी चालतात. चीजचं काय ते तुम्ही ठरवून लिहा. ‘व्हीगन’ हा शब्द सहज म्हणून वापरू नका, कारण मग लोणी-सायही जाईल आणि बिचारा आचारी उगाच अडचणीत पडेल. लार्पेज घेतलंत तर हा सगळा व्याप जवळजवळ राहत नाही, हे त्याच्या बाजूचं आणखी एक कारण. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना मी मोठ्या फ्रेंच रेस्टॉरंटचा आग्रह करत नाही. आठवडाभर आधी विचारावं, आणि त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं तर मान्य करावं.

आणि घरातलं कॅलेंडर काढा. हे मी अगदी मनापासून सांगतोय. वटपौर्णिमा बहुधा जूनमध्येच येते. नवऱ्यासाठी धरलेला उपास आणि नवऱ्याबरोबरचं आठ पदार्थांचं जेवण एकाच दिवशी आलं तर पत्नींची मोठी पंचाईत होईल. संकष्टी, सोमवार, जे काही पाळत असाल तेही पाहून तारीख नक्की करा.

कपड्यांची धास्ती घेऊ नका. पुरुषांनी गडद पँट, शर्ट, जॅकेट आणि चामड्याचे बूट घातले की झालं. खेळाचे बूट आणि अर्धी पँट नको. बायकांनी साडी नेसावी असं मला फार वाटतं. पैठणी नेसून आलेल्या बाईंना दारापासून टेबलापर्यंत ज्या आदराने नेलं जातं तो मी पाहिलाय. फक्त नदीकाठच्या दगडी फरसबंदीवर उंच टाचा टिकत नाहीत, म्हणून चालायची चप्पल पिशवीत ठेवा. जून असला तरी संध्याकाळी गारवा येतो. शाल असू द्या.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो तो पेयाचा. शॅम्पेनची गाडी टेबलाशी येते, किंमत कोणी सांगत नाही, आणि संकोचाने दोघंही हो म्हणतात. एका पेल्याला तीस युरो सहज पडतात. हवं असेल तर जरूर घ्या. नको असेल तर ‘आत्ता नको’ म्हणावं, कोणाला काही वाटत नाही. दारू न पिणाऱ्यांसाठी अनेक ठिकाणी रस, काढे, आंबवलेली पेयं यांची जोडी पदार्थांबरोबर देतात. ती मागून पाहा. वाइन घ्यायची तर यादीतल्या परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवून ‘या आसपासचं काहीतरी’ असं सोमेलिएला, म्हणजे वाइन सुचवणाऱ्या माणसाला, सांगा. आम्हाला ते आवडायचं, कारण पाहुण्याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. पाणी बाटलीतलं हवं का विचारतील. ‘काराफ दो’ म्हटलंत की नळाचं पाणी येतं, ते फुकट असतं आणि पॅरिसमध्ये बिनधास्त प्यावं.

दोन पदार्थांमध्ये वीस मिनिटं जातात. आपल्याकडे इतका वेळ लागला की वेटरला हाक मारायची सवय असते. इथे तो वेळ तुम्हाला दिलेला असतो. पाव गरम असतो, चविष्ट असतो, आणि त्यावरच पोट भरतं. पहिल्या तासात एकाच तुकड्यावर थांबा. फोटो दोन-चार काढून फोन पिशवीत ठेवा, फ्लॅश अजिबात नको. एखादी गोष्ट आवडली नाही तर ताटात तशीच सोडू शकता. कोणी विचारलं तर खरं सांगा, ते मनावर घेऊन दुसरं काही आणतात.

साडेतीन-चारला बाहेर पडाल. हॉटेलवर जाऊन झोपा, नुसते आडवे व्हा म्हणत नाही, झोपाच. संध्याकाळी आठनंतर सँ लुई बेटावर या. ला तूर दार्जांसमोरचाच तूर्नेल पूल ओलांडला की बेट. ‘बेर्तियों’चं आइसक्रीम प्रसिद्ध आहे, पण ते दुकान लवकर बंद होतं, आसपासच्या कॅफेंमध्ये त्यांचंच आइसक्रीम मिळतं. तिथून नदीच्या खालच्या काठाने पश्चिमेकडे चालत राहा, दमलात की टॅक्सी करून टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकापाशी उतरा. अंधार पडला की दर तासाच्या ठोक्याला टॉवर पाच मिनिटं चमचमतो. जूनमध्ये त्यासाठी अकराचा ठोका धरा. गर्दी असते, खिसेकापूही असतात, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. गर्दी नको असेल तर पलीकडच्या काठाने बिर-आकेम पुलावर जा. तिथून टॉवर तितकाच जवळ दिसतो आणि उभं राहायला जागा मिळते.

बिलाचं राहिलं. फ्रान्समध्ये कर आणि सेवेचा आकार मेनूतल्या किमतीतच धरलेला असतो, कायद्यानेच. वर टीप द्यायची सक्ती नाही. सेवा मनापासून आवडली तर वीस-तीस युरो रोख ठेवा, पुरेसे आहेत. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपये की युरो’ असा पर्याय आला तर युरोच निवडा. रुपये निवडलेत तर त्यांच्या दराने बदल होतो आणि हजार-दोन हजार रुपये सहज जास्त जातात. आणि लार्पेजचं टेबल भरलेलं असेल तर प्रतीक्षा यादीत नाव टाकून ला तूर दार्जांची दुपार घेऊन ठेवा. रद्द करण्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सकाळी लार्पेजला फोन लावा. लोक आपली टेबलं त्याच सुमारास सोडतात. मिळालं तर दुसरं लगेच रद्द करा, तुमच्यासारखंच कोणीतरी तिथल्या यादीत थांबलेलं असेल.